शून्य क्रमांकाची सत्ता

लिनक्सच्या कर्नलला तुमचं नाव माहीत नसतं. लॉगिनच्या पडद्यावर तुम्ही 'मधुरा' लिहा, 'आजी' लिहा, पूर्ण नाव देवनागरीत द्या. ते सगळं माणसांनी वाचायचं. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावर ज्याचा प्रत्यक्ष ताबा असतो तो कर्नल तुम्हाला ओळखतो एका आकड्याने. उबुंटू बसवा, डेबियन बसवा किंवा फेडोरा. त्यावर तयार होणाऱ्या पहिल्या माणसाला १००० हा आकडा मिळतो, दुसऱ्याला १००१. टर्मिनल उघडून 'आयडी' ही दोन अक्षरांची आज्ञा दिली की तुमचा आकडा समोर येतो.

हजाराच्या खालचे आकडे माणसांचे नसतात. छपाई बघणारी सेवा, नेटवर्क सांभाळणारी सेवा, घड्याळ जुळवणारी सेवा अशा पडद्याआडच्या कामकऱ्यांची ती खाती. त्या सगळ्यांच्या तळाशी असतो शून्य. या खात्याला 'रूट' म्हणतात, पण त्याची सत्ता नावात नाही. खात्यांच्या यादीत रूटचं नाव बदलून दुसरं काहीही ठेवलं, तरी ज्याचा आकडा शून्य तोच त्या यंत्राचा सर्वाधिकारी.

सर्वाधिकारी म्हणजे किती? तुम्ही एखादी फाईल उघडता तेव्हा कर्नल दर वेळी पडताळणी करतो. ही फाईल कोणत्या आकड्याची? मागणारा कोण? मालक म्हणून, गटाचा सदस्य म्हणून किंवा परका म्हणून त्याला काय करता येतं? वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन मुभा, तीन प्रकारच्या माणसांसाठी. अशा नऊ खुणा प्रत्येक फाईलला चिकटलेल्या असतात. मागणारा शून्य असला की ही पडताळणी जवळपास गळून पडते. कोणाचीही फाईल वाचता येते, कोणाचाही पासवर्ड बदलता येतो, यंत्राचं घड्याळ मागेपुढे करता येतं, डिस्क पुसून टाकता येते, खुद्द कर्नलसुद्धा बदलता येतो. एवढी मोठी सत्ता एका आकड्याच्या तुलनेवर उभी आहे, हे कळल्यावर थक्क व्हायला होतं.

आता खरा प्रश्न. आपण म्हणतो, 'माझं खातं ॲडमिन आहे.' पण ॲडमिन खात्यातून पुन्हा 'आयडी' विचारा. आकडा १००० च दिसतो. ॲडमिन झाल्याने तो शून्य होत नाही, शून्याच्या जवळही सरकत नाही. कर्नलच्या दृष्टीने ॲडमिन असलेली आई आणि साधं खातं असलेला मुलगा सारखेच सामान्य नागरिक. मग आईला नवीन प्रोग्रॅम बसवता येतो आणि मुलाला येत नाही, ते कशामुळे?

याचं उत्तर शोधायला १९७१ मध्ये जावं लागतं, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची तिथे युनिक्स घडवत होते. लिनक्सने पुढे जी रचना उचलली ती याच युनिक्सची. अनेक माणसं एकच यंत्र वापरणार, म्हणून प्रत्येकाच्या फाईली दुसऱ्यापासून सुरक्षित हव्यात, हे त्यांनी सुरुवातीलाच धरलं होतं. पण त्यातून एक पेच तयार होतो, आणि तो आजही तुमच्या यंत्रात तसाच आहे. पासवर्डच्या नोंदी एका फाईलमध्ये राहतात. ती फाईल सामान्य माणसाला लिहिता येऊ नये, नाहीतर कोणीही कोणाचा पासवर्ड बदलेल. पण प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड तर बदलता आला पाहिजे. म्हणजे त्याच फाईलमधली स्वतःची एकच ओळ बदलायची मुभा हवी. फाईल बंदही हवी आणि उघडीही हवी.

रिची यांनी यावर काढलेला तोडगा संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक आहे. अधिकार माणसाला देण्याऐवजी त्यांनी तो प्रोग्रॅमला दिला. प्रोग्रॅमच्या फाईलवर एक जादा खूण ठेवायची. ती खूण असली, की प्रोग्रॅम चालवणारा कोणीही असो, तो चालताना मालकाचा अधिकार घेऊन चालेल. बँकेत आपण पैसे काढायला तिजोरीच्या खोलीत शिरत नाही. खिडकीपलीकडचा कॅशिअर आत जातो, आपली सही तपासतो आणि आपल्या खात्यातले तेवढेच पैसे आणून देतो. पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम असाच आहे. तो रूटच्या मालकीचा असतो, चालताना त्याला शून्याची सत्ता मिळते, पण तुमच्या ओळीखेरीज इतर कशालाही तो हात लावत नाही.

नोव्हेंबर १९७१ मधल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच ही खूण नोंदवलेली आहे. बेल लॅब्जने १९७३ मध्ये रिची यांच्या नावाने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ मध्ये ते मिळालंही. नंतर ते सर्वांना खुलं करण्यात आलं. आज तुमच्या यंत्रावरही ती खूण दिसते. फाईलींची तपशीलवार यादी दाखवणारी आज्ञा 'सुडो' या प्रोग्रॅमवर चालवून पाहा. मालकाच्या मुभांमध्ये जिथे चालवण्याचा 'एक्स' असायला हवा, तिथे 'एस' दिसेल. तुमच्या ॲडमिनपणाचा सगळा भार या एका अक्षरावर आहे.

सुडोची गोष्ट १९८० च्या सुमारास सुरू होते. तोवर यंत्राची देखभाल करायची तर रूटचा पासवर्ड माहीत असावा लागे. देखभाल करणारे चौघे असले तर चौघांना तोच पासवर्ड. एक सोडून गेला की उरलेल्या तिघांनी नवा पाठ करायचा. शिवाय काही बिघडलं तर ते कोणाच्या हातून, हे कळायला मार्ग नाही, कारण नोंदीत सगळीकडे एकच नाव: रूट. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी व्हॅक्स ११/७५० या यंत्रासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रूटचा पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही. कोणाला काय करता येईल याची यादी ठेवायची आणि यादीतल्या माणसाला तेवढी आज्ञा रूट म्हणून चालवू द्यायची. १९८५ च्या डिसेंबरमध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती यूजनेट या तेव्हाच्या चर्चाजाळ्यावर सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. टॉड मिलर यांनी १९९० च्या दशकात हे काम हाती घेतलं आणि तीस वर्षांहून अधिक काळ ते तो प्रोग्रॅम सांभाळत आले आहेत. जगभरातले असंख्य सर्व्हर आणि घराघरांतले लिनक्स डेस्कटॉप ज्या कडीवर लटकलेले आहेत, ती इतक्या थोड्या हातांनी घडवली आणि जपली आहे.

तुम्ही सुडो लिहून पुढे आज्ञा देता आणि एंटर दाबता, तेव्हा आत जे घडतं त्याचा क्रम मला सर्वांत विलक्षण वाटतो. आपली समजूत अशी, की पासवर्ड टाकला की कुलूप उघडतं आणि मग सत्ता मिळते. प्रत्यक्षात उलटं आहे. फाईलवर 'एस' असल्यामुळे सुडो सुरू होतो त्या क्षणीच तो शून्य झालेला असतो. पासवर्ड विचारायच्या आधीच सगळी सत्ता त्याच्या हातात असते. कर्नल त्याच्यासाठी दोन आकडे जपून ठेवतो: खरा आकडा १०००, म्हणजे तुम्ही, आणि प्रभावी आकडा शून्य, म्हणजे आत्ताचा अधिकार. सर्वाधिकारी झालेला सुडो खरा आकडा वाचतो, तुम्ही कोण ते ओळखतो, यादी उघडतो, त्यात तुम्ही आहात का ते बघतो, पासवर्ड तपासून घेतो, कोणी कोणती आज्ञा दिली ते नोंदवहीत लिहितो आणि मगच ती आज्ञा चालवतो. यातलं काही जुळलं नाही, तर तो नकार देऊन स्वतःला संपवतो. सुरक्षा उभी आहे ती सत्ता हातात असूनही ती न वापरण्याच्या शिस्तीवर.

म्हणूनच तो रूटचा पासवर्ड न मागता तुमचा स्वतःचा मागतो. खुर्चीवर खरोखर तुम्हीच बसला आहात ना, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. टाइप करताना पडद्यावर अक्षरं तर नाहीतच, बहुधा ठिपकेही उमटत नाहीत. मागे उभ्या असलेल्याला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये, हा हेतू. नवशिक्याला वाटतं कीबोर्ड बिघडला. तो बिघडलेला नसतो, निर्धास्त टाइप करावं. एकदा ओळख पटली की काही मिनिटं तो पुन्हा विचारत नाही. मूळ सुडोत ही मुदत ५ मिनिटांची आहे, उबुंटूवर १५ मिनिटांची. उठून जायचं असेल तर 'सुडो' आणि पुढे उणे चिन्हासह 'के' लिहिलं की ती मुदत तिथल्या तिथे संपते.

सुडोची यादी म्हणजे 'सुडोअर्स' नावाची साधी मजकुराची फाईल. उबुंटूवर तिच्यातली महत्त्वाची ओळ अशी: टक्क्याचं चिन्ह, त्याला जोडून 'सुडो' हे गटाचं नाव आणि पुढे चार वेळा 'ऑल'. पहिला ऑल सांगतो, कोणत्या यंत्रावर. एकच यादी अनेक यंत्रांना लागू करता यावी म्हणून ही सोय आहे. दुसरा आणि तिसरा सांगतात, कोणाच्या आणि कोणत्या गटाच्या नावाने. चौथा सांगतो, कोणती आज्ञा. म्हणजे या गटातल्या कोणालाही, कुठेही, कोणाच्याही नावाने, काहीही. फेडोरावर याच कामाच्या गटाला 'व्हील' म्हणतात. आई आणि मुलगा यांच्यातला फरक हाच: आईचं नाव या गटात आहे, मुलाचं नाही. ॲडमिन खातं हा खात्याचा वेगळा प्रकार नाही. ते फक्त एका गटाचं सदस्यत्व आहे.

ते द्यायचं कसं? ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांचा विभाग असतो. तिथे आधी 'अनलॉक' करावं लागतं, कारण नवा ॲडमिन नेमायचा अधिकार जुन्या ॲडमिनलाच आहे. मग त्या माणसाच्या नावापुढचं ॲडमिनिस्ट्रेटरचं बटण चालू करायचं. पडद्यामागे तेच घडतं: नाव गटात जातं. टर्मिनलमधून हेच काम 'यूजरमॉड' करतो. त्याला उणे चिन्हानंतर लहान 'ए' आणि कॅपिटल 'जी' द्यायचे, मग गटाचं नाव, मग माणसाचं. यातल्या लहान 'ए'ला जपा. तो म्हणतो, आधीच्या गटांत या गटाची भर घाल. तो गाळला, तर आज्ञेचा अर्थ होतो की यापुढे हा माणूस फक्त याच गटात. कोणी तो 'ए' विसरून स्वतःला दुसऱ्याच एखाद्या गटात घालतो आणि त्याच झटक्यात सुडो गटातून बाहेर पडतो. डेबियन आणि उबुंटूवर 'ॲडयूजर' ही आज्ञा जास्त निर्धोक: पुढे माणसाचं नाव, मग गटाचं, की झालं.

आज्ञा यशस्वी झाली तरी नवा ॲडमिन लगेच ॲडमिन होत नाही. त्याला लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. याचं कारण कळलं की आतली सगळी यंत्रणा लख्ख दिसते. गटांची यादी असलेली फाईल कर्नल कधीच वाचत नाही. लॉगिनच्या वेळी लॉगिनचा प्रोग्रॅम ती वाचतो आणि तुमच्या पहिल्या प्रोसेसला, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला, गटांचे आकडे चिकटवून देतो. त्यानंतर तुम्ही उघडलेली प्रत्येक खिडकी, प्रत्येक टर्मिनल आपल्या जन्मदात्या प्रोसेसकडून ते आकडे वारशाने घेतं. सकाळी लॉगिन केलं आणि दुपारी गटात नाव आलं, तर आधीच्या सगळ्या प्रोसेसकडे सकाळचाच वारसा असतो.

सुडोअर्स फाईल हाताने बदलायची असेल तर 'व्हीसुडो' ही आज्ञा वापरा, साधा एडिटर नको. व्हीसुडो फाईल अडवून ठेवतो, म्हणजे दोघांनी एकाच वेळी ती बदलू नये, आणि जतन करण्याआधी व्याकरण तपासतो. या फाईलमध्ये चुकीचं चिन्ह शिरलं तर सुडो काम करणं थांबवू शकतो, आणि ती चूक दुरुस्त करायला सुडोच लागतो. इथे एखाद्याला एकाच आज्ञेची मुभा देता येते. पण एडिटरची मुभा देऊ नका. बहुतेक एडिटरमधून दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येतो आणि एका आज्ञेची मुभा सगळ्या यंत्राची होऊन बसते.

डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा सुडो दिसतच नाही. दिसते ती पासवर्ड मागणारी एक छोटी खिडकी. ती 'पोलकिट'ची. सुडो अख्ख्या प्रोग्रॅमला शून्य करतो. पोलकिट तसं करत नाही. सॉफ्टवेअर बसवणारी, डिस्क जोडणारी, नेटवर्क बदलणारी सेवा आधीपासूनच मागे जागी असते. तुमचा रंगीबेरंगी प्रोग्रॅम सामान्यच राहतो. तो सेवेला विनंती करतो, आणि सेवा पोलकिटला विचारते, याला हे करू द्यायचं का? पोलकिट फक्त माणूस बघत नाही. मागणी कोणत्या कामाची आहे आणि मागणारा यंत्रासमोर प्रत्यक्ष बसला आहे की दुरून जोडला गेला आहे, हेही बघतो. म्हणून समोर बसून पेन ड्राइव्ह लावला की तो सहसा न विचारता उघडतो. तेच दुरून करायला गेलात तर पासवर्ड मागितला जातो. आणखी एक सोय आहे. आजीच्या साध्या खात्यातून काही बसवायचं झालं, तर खिडकी ॲडमिन असलेल्या नातीचं नाव दाखवते. नात स्वतःचा पासवर्ड टाकते, काम होतं आणि आजीचं खातं साधंच राहतं.

या रचनेची नाजूक जागाही समजून घ्यायला हवी. पासवर्डआधीच शून्य झालेला प्रोग्रॅम चुकला, तर सगळंच चुकतं. जुलै २०११ मध्ये सुडोत शिरलेली एक चूक क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये उघड केली. तिच्या आधारे ॲडमिन नसलेलं साधं खातंही रूट होऊ शकत होतं. वर्षभराने त्यांनी पोलकिटसोबत येणाऱ्या, सुडोसारखंच काम करणाऱ्या 'पीकेएक्झेक' या प्रोग्रॅममधली तशीच चूक जाहीर केली, ती २००९ पासूनची होती. दोन्ही तातडीने दुरुस्त झाल्या, पण शिकवण राहिली: शून्याची सत्ता जितक्या कमी जागी, तितकं बरं. लिनक्सने १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून त्या सत्तेचे तुकडे करायला सुरुवात केलीच होती. आज असे सुमारे चाळीस तुकडे आहेत, घड्याळ बदलण्याचा वेगळा, नेटवर्क हाताळण्याचा वेगळा. २०२४ मध्ये सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या व्यवस्थेने, 'रनझिरो' आणला. त्याला 'एस'ची खूण लागतच नाही. तो रूट म्हणून आधीच चालू असलेल्या सेवेला काम सांगतो. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटूत रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो आला, कारण मेमरी हाताळण्यातल्या अनेक चुका ती भाषा मुळातच होऊ देत नाही. पन्नास वर्षं जुन्या कल्पनेवर आजही इतक्या निष्ठेने काम चाललं आहे.

घरच्या यंत्रासाठी माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यांना ॲडमिन करू नका. एक ॲडमिन हवाच, दुसरा असलेला बरा, म्हणजे एकाचा पासवर्ड हरवला तर दार बंद होत नाही. दुसऱ्याला नेमल्यावर त्याच्या खात्यातून सुडो चालतो का, ते बघा. मगच पहिल्याचा अधिकार काढायचा तर काढा. पासवर्ड न विचारण्याची ओळ सुडोअर्समध्ये घालू नका. खिडक्यांचे प्रोग्रॅम सुडो लावून उघडू नका, नाहीतर तुमच्याच फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाईली तयार होतात आणि मग त्या तुम्हालाच बदलता येत नाहीत. लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करा, कारण यंत्र हातात पडलं की रिकव्हरी मोडमधून किंवा पेन ड्राइव्हवरच्या दुसऱ्या लिनक्समधून या सगळ्या पहाऱ्याला वळसा घालता येतो.

आणि टर्मिनलला बिचकू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. सुरुवात 'आयडी'पासून करा: तुमचा आकडा बघा, गटांची नावं वाचा, त्यात सुडो किंवा व्हील आहे का ते शोधा. आपल्या यंत्रावर आपला अधिकार कुठून येतो, हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं.